रोग हाल्याला, इंजेक्शन पखालीला!

गावाकडच्या कुठल्याही गॅरेजसमोर सकाळी अर्धा तास उभे राहिले की एक संवाद हमखास कानावर पडतो. "काय झालं गाडीला?" "मिसिंग मारतीय." "कवा मारती?" "मधनंच. कवा मारती, कवा नाय." मग मेकॅनिक प्लग काढतो, पॉलिश पेपरने घासतो, जमले तर नवे टाकतो. गाडी दोन दिवस सुरळीत चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा झटके देऊ लागते. मग कार्बोरेटर खोलला जातो. त्यानंतर कॉइल बदलली जाते. पाच-सहा हजार रुपये गेल्यावर मालक हात टेकतो आणि म्हणतो, "इंजिनच गेलंय, विकून टाकू भंगारात."

इंजिन बहुतेक वेळा गेलेले नसते. गेलेली असते एखादी शंभर-दीडशे रुपयांची वस्तू, किंवा एखाद्या वायरचे टोक सैल झालेले असते. रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला अशी आपल्यातली म्हण आहे, ती जुन्या गाडीच्या दुरुस्तीला तंतोतंत लागू पडते. आजचा मुद्दा एवढाच आहे की आपण दुरुस्तीचे पैसे देतो, पण दोष शोधण्याचे पैसे देत नाही आणि शोधायला लागणारी माहितीही देत नाही. म्हणून आपल्या गाड्या वेळेआधी भंगारात जातात.

हा विषय शहरातल्या हौशी लोकांचा आहे असे कोणी समजू नये. खेड्यात जुनी मारुती, ओम्नी, फियाट, अँबेसेडर अजूनही कामाला आहे. भाजीच्या पाट्या तिच्यातून बाजारात जातात. रात्री-अपरात्री बाळंतीण तालुक्याच्या दवाखान्यात तिच्यातूनच जाते. अशा वेळी घाटात गाडीने दम सोडला तर काय होते हे सांगायला नको.

पैशाचा हिशेबही पाहा. पंधरा वर्षे झालेल्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. म्हणजे जुनी गाडी ठेवायची की मोडीत काढायची हा निर्णय आता महाग झाला आहे. तो निर्णय गाडीचा खरा आजार समजून घेतल्यावर करावा, वैतागून करू नये.

पार्ल्याची गाडी, गावचा रस्ता

यातल्या बऱ्याच गाड्या मुंबईच्या उपनगरांतून आपल्याकडे येतात. विलेपार्ल्याचेच उदाहरण घेऊ. पार्ल्यात नोकरी आणि गावाकडे शेती असलेली कुटुंबे पुष्कळ. पार्ल्याच्या दोन-तीन मजली जुन्या इमारती आता पाडून नव्या बांधल्या जात आहेत. इमारत पाडायची वेळ आली की आवारात वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी हलवावीच लागते. मग ती चुलत्याला, मेव्हण्याला किंवा गावातल्या ओळखीच्या माणसाला स्वस्तात दिली जाते. "गाडी एकदम कमी चाललीय, बघा" असे वर सांगितले जाते.

कमी चाललेली गाडी ही चांगली गाडी, हा समज आधी डोक्यातून काढावा. पार्ल्याच्या पश्चिमेला लागूनच जुहूचा समुद्र आहे. खारी दमट हवा वायरच्या टोकांना, अर्थिंगच्या पट्टीला आणि पेट्रोलच्या टाकीला आतून खाते. गाडी आठवड्यातून एकदा स्टेशनपर्यंत आणि परत एवढीच चालली तर इंजिन पुरते तापत नाही, प्लगवर काजळी बसते. महिनोन् महिने उभी राहिली तर कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो.

पुराचीही एक गोष्ट आहे. २६ जुलै २००५ रोजी पार्ल्याशेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला होता. मुंबईत त्या दिवशी असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पार्ले-सांताक्रूझच्या मधला मिलन सबवे तर पाणी तुंबण्यासाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. पाण्यात राहिलेली गाडी धुऊनपुसून चकचकीत दिसते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी पुढे कैक वर्षे गंज करत राहते. म्हणून उपनगरातली जुनी गाडी घेताना सीटखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि वायरिंगचे जोड उघडून बघावेत. रंग शेवटी बघावा.

अशी गाडी पार्ल्याच्या सपाट रस्त्यावर कुरकुर करत नाही. चार माणसे आणि सामान घेऊन ती कशेडी घाट चढू लागली की झटके सुरू होतात. मालकाला वाटते, गावच्या रस्त्याने गाडी बिघडली. खरे कारण वेगळे आहे. इंजिनावर ओझे पडले की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडायला जास्त जोराची वीज लागते. अशक्त कॉइल किंवा चिरलेली प्लग वायर सपाटीवर वेळ मारून नेते, चढाला उघडी पडते. दोष पार्ल्याहूनच आलेला असतो.

काळी-पिवळीवाल्यांची शिकवण

जुन्या गाडीचा दोष कसा शोधावा हे मुंबईच्या फियाट टॅक्सीवाल्यांकडून शिकण्यासारखे होते. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली कंपनी. तिचा कारखाना कुर्ल्याला, म्हणजे पार्ल्यावरून विमानतळ ओलांडला की पलीकडे. तिथे बनलेली फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. पार्ले पूर्वेच्या विमानतळाबाहेर काळ्या-पिवळ्या पद्मिनींच्या रांगा अनेकांनी पाहिल्या असतील. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

गाडी बंद म्हणजे दिवसाची कमाई बंद, असा तो धंदा होता. मुरलेला टॅक्सीवाला डिकीत एक कंडेन्सर, एक पॉइंट सेट, एक-दोन प्लग आणि पॉलिश पेपर ठेवी. गाडी अडली की तो आधी एकच गोष्ट बघे: करंट येतोय का? त्यानंतर दुसरी: पेट्रोल येतंय का? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तो पान्याला हात लावत नसे. आपल्याकडे नेमके उलटे होते. पाना आधी चालतो आणि प्रश्न मागाहून येतात.

'कधी' हाच धागा

पेट्रोल इंजिनाला चालायला हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, नीट दाब आणि वेळेवर ठिणगी लागते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात. पॉइंटच्या गाडीत तेवढ्याच वेळा पॉइंट उघडतो आणि मिटतो. त्यातल्या दहा ठिणग्या चुकल्या तरी आपल्याला झटका जाणवतो. एवढ्या वेगाने चालणारी गोष्ट कधी चुकते हे बघितले की कुठे चुकते ते कळू लागते.

सकाळी थंड असताना झटके देते आणि तापली की सुधारते, अशी तक्रार असेल तर मिश्रणात हवा जास्त होते आहे. चोक नीट बसत नाही किंवा कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधून कुठूनतरी हवा आत ओढली जाते आहे. गॅस्केट सुकलेले असते, नाहीतर व्हॅक्यूमची छोटी रबरी नळी तडकलेली असते.

थंड असताना छान चालते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तापली की मार खाते, तेव्हा संशयित दोन-तीन. कॉइल तापून आतून दगा देते. कंडेन्सर तापला की निकामी होतो, आणि मग पॉइंट जळून खड्डे पडलेले दिसतात. टॅपेट फार आवळलेले असतील तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब निसटतो आणि गाडी उभी असताना थरथरते. उन्हाळ्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते, तोही प्रकार याच लक्षणाचा. इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून गाडी सुरळीत झाली तर कॉइल बदलायला धावू नये.

पावसात किंवा धुक्यातच त्रास होत असेल तर प्लग वायरी आणि डिस्ट्रिब्युटरचे झाकण तपासावे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर निळ्या ठिणग्या बाहेर उडताना डोळ्यांनी दिसतात. झाकणाला आतून केसाएवढी काळी रेघ पडलेली असते, ती चीर असते. ठिणगी प्लगकडे जायचे सोडून त्या रेघेवरून पळते. मात्र हे बघताना पेट्रोल कुठे गळत नाही ना याची आधी खात्री करावी, वायरींना हात लावू नये आणि बिडी विझवून यावे.

चढाला किंवा ओव्हरटेक करतानाच दम सोडते, तेव्हा ठिणगी अशक्त आहे किंवा पेट्रोल कमी पोचते आहे. फिल्टर तुंबलेला असेल, पंपाचा पडदा ताणलेला असेल, जेटमध्ये कचरा असेल.

दहा-पंधरा किलोमीटर नीट चालते, मग गुदमरते, थोडा वेळ उभी केली की पुन्हा चालते. असे असेल तर टाकीचे झाकण उघडावे. फुस्स असा आवाज होऊन हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर टाकीला श्वास घ्यायचे भोक बुजलेले आहे. इंजिन खोलण्याची गरज नाही. ते भोक साफ करायला पैसाही लागत नाही.

खड्ड्यातून गेल्यावर किंवा वळणावर झटका बसतो, तेव्हा सैल वायर शोधावी. बॅटरीचे टोक, इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, चावीचा स्विच, आणि डिस्ट्रिब्युटरच्या आतली छोटी वायर. ही आतली वायर फार फसवी. वरचे आवरण शाबूत दिसते आणि आत तार तुटलेली असते. प्लेट हलली की टोके जुळतात, पुन्हा सुटतात. चांगले चांगले मेकॅनिक इथे दोन-दोन दिवस घालवतात.

एका वेळी एकच बदल

दोष चालू असताना, म्हणजे गाडी रस्त्यातच अडली असताना केलेली तपासणी सगळ्यात मोलाची असते. गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेईस्तोवर ती थंड होते आणि तिथे शहाण्यासारखी चालू होते. म्हणून अडली त्याच जागी पाहावे. इंजिन बंद करून कार्बोरेटरवरचा एअर क्लीनर काढावा आणि आत बघत अॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढावी. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर निदान कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल आहे. दिसली नाही तर पंप, फिल्टर, नळी, टाकी असे मागे मागे जावे. ठिणगी बघायची तर एअर क्लीनर आधी परत बसवावा आणि सांडलेले पेट्रोल वाळू द्यावे. मग एक प्लग काढून वायरीला जोडावा आणि त्याचे लोखंड इंजिनाला टेकवून कार्बोरेटरपासून लांब ठेवावा. दुसऱ्या माणसाने स्टार्टर मारावा. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी ठिणगी वाईट.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायची रीत जुनी आहे. इंजिन हळू चालू ठेवून इन्सुलेशनच्या पक्कडीने एकेका प्लगची टोपी काढायची. काढल्यावर इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. मग त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग खराब. दोष जागेवर राहिला तर वायर बदलून पाहायची. तरीही जागेवरच राहिला तर दाब मोजायचा. असे अदलाबदल करून एक रुपया न खर्चता अर्धे निदान होते. ही रीत फक्त जुन्या पॉइंटच्या गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किंवा इंजेक्शनच्या गाडीत चालू इंजिनाची वायर ओढू नये. वीज फार जोराची असते, माणसालाही बसते आणि यंत्रणाही जळते. तिथे स्कॅनर लावावा. आणि स्कॅनरने एखाद्या सेन्सरचे नाव सांगितले म्हणून तोच सेन्सर खराब असे धरू नये, आधी त्याची वायर आणि जोड बघावा.

वायरी काढल्या की क्रम चुकण्याचा धोका असतो. फियाट आणि अँबेसेडर दोन्हींचा क्रम १-३-४-२ आहे. वायरींना खडूने किंवा रंगाने नंबर टाकून ठेवावेत. पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघून फिलर गेजने ठेवावी. अंगठ्याच्या नखाने अंदाज घेणारे बहाद्दर आहेत, पण त्यांच्यामुळेच गाडी महिन्यातून दोनदा गॅरेजला येते.

प्लगचा रंगही बोलतो. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. पांढराफटक म्हणजे हवा जास्त. तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हच्या बाजूने ऑइल वर येते आहे. फिकट तपकिरी असेल तर त्या सिलिंडरची चिंता सोडावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एका दिवसात प्लग, पॉइंट, कॉइल आणि फिल्टर चारही बदलले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कोणालाच कळत नाही. चारपैकी तीन चांगल्या वस्तू कचऱ्यात जातात. आणि चारपैकी एक नवी वस्तूच डुप्लिकेट निघाली तर नवा रोग जडतो तो वेगळाच. काढलेली जुनी वस्तू फेकू नये. ती चालू होती असे सिद्ध झाले तर तीच उद्याची स्टेपनी.

इथेनॉलच्या नावाने शिमगा

अलीकडे गाडीने झटका दिला की एकच उत्तर ऐकू येते, "इथेनॉलमुळं झालं." यावर ऊस पिकवणाऱ्या आपण तरी जरा थांबून विचार करायला हवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०१४ मध्ये दीड टक्क्याच्या आसपास होते, २०२२ मध्ये ते दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचले. साखर कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो आणि उसाच्या बिलाशी त्याचा संबंध आहे. म्हणजे आपल्याच शेतातला ऊस आपल्याच गाडीच्या टाकीत येतो आहे. तेव्हा त्याचे गुणही सांगावेत आणि दोषही लपवू नयेत.

दोष आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज वीस टक्के मिश्रणाने सहा ते सात टक्क्यांनी घटू शकते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला मिश्रण आपोआप जुळवून घेता येत नाही, त्यामुळे थंड असताना ती अडखळते. जुने रबर इथेनॉलने फुगते आणि तडकते. टाकीत वर्षानुवर्षे बसलेला गाळ इथेनॉल सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. इथेनॉल पाणी ओढते. टाकीत पाणी वाढले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी जाते, आणि पेट्रोलची नळी बहुधा तळातूनच ओढते.

पण याचा शोध लावणे अगदी सोपे आहे. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास सावलीत ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे, टाकी रिकामी करून धुवावी. थर नाही, फिल्टर साफ आहे, नळ्या नव्या आहेत आणि तरीही गाडी पावसातच झटके देते, तर तो दोष उसाचा नाही, प्लग वायरीचा आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या एकदा इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या टाकून घ्याव्यात, फिल्टर वेळेवर बदलावा आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवू नये. सरकारकडे मागणी करायचीच असेल तर जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोलही पंपावर मिळावे अशी करावी. ती मागणी रास्त आहे. पण बाटलीतले पेट्रोल न बघताच इथेनॉलला शिव्या घालणे म्हणजे माती न तपासता खताला दोष देण्यासारखे आहे.

शोधण्याची मजुरी द्या

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मेकॅनिक वस्तू का बदलतो? कारण आपण त्याला वस्तू बदलल्याचेच पैसे देतो. त्याने दोन तास डोके लावून एक सैल वायर शोधली आणि आवळली, तर आपण म्हणतो, "एवढंच होतं होय? ह्याचे कसले तीनशे रुपये?" आणि पन्नासची नोट हातावर ठेवून निघतो. त्याच माणसाने अडीच हजारांचे सामान टाकले तर वर मजुरीचे पाचशे बिनबोभाट देतो. अशाने प्रामाणिक कारागीरसुद्धा दुसऱ्या खेपेला वस्तूच बदलायला शिकतो. दोष त्याच्या एकट्याचा नाही.

गुरांचा डॉक्टर गोठ्यात आला की आधी विचारतो, वैरण खाते का, रवंथ करते का, ताप कधीपासून आहे. आपण सगळे सांगतो. तेच आपण गाडी मात्र मेकॅनिकच्या दारात उभी करून किल्ली फेकतो आणि "बघून ठेव" म्हणून बाजाराला जातो. असे करू नये. एक छोटी वही गाडीत ठेवावी. तारीख, किती किलोमीटर चालल्यावर झटका आला, इंजिन थंड होते की गरम, पाऊस होता का, चढ होता का, पेट्रोल कुठे आणि कधी भरले होते, काय बदलले. आठ दिवसांच्या अशा नोंदी शहाण्या मेकॅनिकच्या हातात दिल्या तर त्याचे निम्मे काम होते. आणि गाडी ठेवताना आधीच ठरवावे, "तपासणीचे इतके पैसे देतो, वस्तू बदलायच्या आधी मला विचार." हा व्यवहार दोघांनाही परवडतो.

पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या अधिकाऱ्यांनीही याचा विचार करावा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आली. पण आज चालू असलेल्या गाड्यांना तेवढे वय गाठेपर्यंत नीट चालवायचे तर आहेच. प्रत्येक सरकारी गाडीला लॉगबुक असते. त्यात किलोमीटर आणि इंधन लिहिले जाते, गाडीने काय त्रास दिला हे लिहायला मात्र कोणी सांगत नाही. एक रकाना वाढवला तर दुरुस्तीच्या बिलावर सही करताना अधिकाऱ्यालाही कळेल की वस्तू का बदलली आणि तीच वस्तू तीन महिन्यांत पुन्हा का बदलली.

ग्रामपंचायतींना आणखी एक काम करता येईल. तालुक्याच्या आयटीआयत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स चालतो. पावसाळ्याआधी एका रविवारी तिथल्या निदेशकांना आणि मुलांना गावात बोलवावे. गावातल्या जुन्या गाड्या एका रांगेत लावाव्यात, प्लगचा रंग, वायरी, पॉइंट, टाकीचे पेट्रोल आणि धूर तपासावा. मुलांना खऱ्या रोगी गाड्या बघायला मिळतील, गावातल्या मेकॅनिकलाही चार गोष्टी सांगता आणि शिकता येतील. मंडपाचा आणि चहाचा खर्च सोडला तर याला फारसे काही लागत नाही.

तपासणीनंतर काही गाड्यांचा दाब खरोखरच गेलेला निघेल, पत्रा कुजलेला निघेल. अशी गाडी बिनदिक्कत मोडीत काढावी, तिच्यात माणसे बसवू नयेत. पण ज्या गाडीचे चारही सिलिंडर सारखा दाब देतात आणि केवळ एक कंडेन्सर तापतो म्हणून जिला मालक कंटाळला आहे, ती गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर चढवणे हे नुकसान आहे. येत्या रविवारी आपली गाडी बाहेर काढा, बॉनेट उघडा आणि वहीत पहिली नोंद करा. पाना त्यानंतर हातात घ्या.